सेप्सिसच्या खाटेवर एचआरव्हीचा पट्टा: घ्यावा की नाही

आधी निकाल. पोलर एच १० हा छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचे ठोके मोजायला उत्तम आहे, पाचपैकी चार. सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या) रुग्णात सिंपथेटिक, म्हणजे शरीराला ताणासाठी सज्ज करणारी, मज्जासंस्था किती जोरात चालू आहे हे सांगणारं यंत्र म्हणून मात्र पाचपैकी दीड, आणि त्या दीडातला अर्धा गुण नुसता त्याच्या सेलसाठी आहे. लाईट गेली तरी पट्टा चालू राहतो. भर पावसाळ्यात, जनरेटर सुरू होईपर्यंत मॉनिटर काळा पडलेला असताना, ही सोय लहान नाही.

तालुक्याच्या गावातल्या सहा-आठ खाटांच्या आयसीयूत हा पट्टा बांधून पाहण्याचा मोह का होतो ते कळण्यासारखं आहे. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. रुग्ण आज रात्रीच हलवायचा की सकाळपर्यंत थांबायचं, हे ठरवताना हाताशी एखादा आकडा असला तर हवाच असतो. पट्टा फोनला जोडला की अॅप ‘स्ट्रेस’ दाखवतं, ‘एलएफ/एचएफ’ दाखवतं, काही अॅप्स तर ‘सिंपथेटिक’ नावाचा काटाच लाल रंगात नेऊन ठेवतात. सेप्सिसमध्ये सिंपथेटिक चढतं हे आपण शिकलेलोच असतो, त्यामुळे काटा पटतो. घोळ इथूनच सुरू होतो.

पट्टा मोजतो ते दोन ठोक्यांमधलं अंतर, म्हणजे आरआर. त्यातला ठोक्यागणिक होणारा फरक काढला की एचआरव्ही मिळते. हा फरक मुख्यतः व्हेगस नसेच्या, म्हणजे पॅरासिंपथेटिकच्या, तालावर होतो. सिंपथेटिकचा हृदयावरचा परिणाम काही सेकंद उशिरा दिसतो, ठोक्यागणिक बदलत नाही. म्हणून आरएमएसएसडी हा ठोक्यागणिक फरकाचा (मिलिसेकंदातला) आकडा घसरला तर फार तर ‘व्हेगसची पकड सुटली’ इतकं म्हणता येतं. ‘सिंपथेटिक चढलं’ हे त्यातून आपोआप निघत नाही. एलएफ म्हणजे या चढउताराच्या वारंवारतेतला ०.०४ ते ०.१५ हर्ट्झचा टप्पा आणि एचएफ म्हणजे ०.१५ ते ०.४ हर्ट्झचा, या व्याख्या १९९६ च्या युरोप-अमेरिकेच्या संयुक्त टास्क फोर्सच्या. त्यांचं गुणोत्तर म्हणजे सिंपथेटिक-व्हेगस तराजू, ही कल्पना पुढे बरीच मोडीत निघाली, कारण एलएफमध्ये बॅरोरिफ्लेक्सचा (रक्तदाब सावरणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेचा) आणि खुद्द व्हेगसचा वाटा मोठा असतो. अॅप बनवणाऱ्यांनी ही बातमी अजून मनावर घेतलेली नाही.

सेप्सिसमध्ये आणखी दोन कारणांनी आकडा पडतो. एक, नाडी वाढली की एचआरव्ही गणितानेच कमी होते. दोन, एंडोटॉक्सिनचा (जंतूंच्या आवरणातल्या विषाचा) हृदयाच्या पेसमेकर पेशींवर थेट परिणामही होतो. नस काहीही सांगत असो, पेसमेकर पूर्वीसारखा ऐकत नाही.

सिंपथेटिक खरोखर मोजायचं तर काय लागतं? मायक्रोन्यूरोग्राफी. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये हागबार्थ आणि वाल्बो यांनी ही पद्धत उभी केली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या डोक्यापाशी पेरोनियल नस त्वचेजवळून जाते. तिच्यात टंगस्टनची केसासारखी सुई घालून रक्तवाहिन्या आवळणाऱ्या तंतूंचे झटके थेट ऐकायचे आणि मिनिटाला किती ते मोजायचे. सुई जागेवर बसवायलाच कसबी हाताला तासभर लागू शकतो, आणि रुग्णाने पाय हलवला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आयसीयूचं हे काम नव्हे. पण या पद्धतीने केलेल्या एका कामामुळे आपला समज हलायला हवा. २००८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी निरोगी माणसांना एंडोटॉक्सिन दिलं, तेव्हा नाडी वाढली, पण रक्तवाहिन्यांकडे जाणारे सिंपथेटिक झटके कमी झाले. एकाच शरीरात, एकाच वेळी. म्हणजे ‘सिंपथेटिक’ हा एकच नळ नाही. हृदयाची, रक्तवाहिन्यांची, घामाची तोटी वेगवेगळी चालू-बंद होते. छातीवरच्या पट्ट्याला यातली फक्त हृदयाकडची बाजू दिसते, तीही अर्धवट, आणि सेप्टिक शॉकमध्ये रक्तदाब कोसळतो तो बहुधा रक्तवाहिन्यांच्या बाजूने.

दुसरा मार्ग रक्तातलं नॉरएड्रेनॅलिन (सिंपथेटिक नसांच्या टोकाशी सुटणारं रसायन, तेच औषध म्हणूनही देतात) मोजण्याचा. त्याचं रक्तातलं अर्धायुष्य दोन-तीन मिनिटांचं. नमुना ईडीटीए नळीत घेऊन लगेच बर्फात ठेवायचा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा आणि उणे ७० किंवा त्याहून थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यायचा. मे महिन्यात चंद्रपूरहून नागपूरपर्यंत थर्मासच्या भरवशावर हे करून आलेला रिपोर्ट कागदाच्या किमतीचाही नाही. शिवाय रुग्णाला नॉरएड्रेनॅलिनचं ड्रिप सुरू असेल तर आपण सिरिंज पंपच मोजत बसतो.

तेव्हा पट्टा कशासाठी वापरायचा? एकाच रुग्णात, एकाच स्थितीत, दर सहा-आठ तासांनी कल पाहण्यासाठी. एवढ्या कामाला तो पुरतो, पण नीट बांधला तरच.

दोन मापं मिळतात: एक्सएस-एस आणि एम-एक्सएक्सएल. दुकानदार मोठं माप देतो. शेतमजुरीवरच्या बारीक अंगाच्या बायांना ते शेवटपर्यंत आवळूनही ढिलं राहू शकतं, आणि पट्टा श्वासागणिक घसरला की खोटे ठोके तयार होतात. लहान माप वेगळं मागून घ्या. पट्टा स्तनांच्या खाली, छातीच्या हाडाच्या टोकाशी यायला हवा. कोरड्या त्वचेवर तो काही ऐकत नाही. खेळाडू पाणी लावतात, कारण त्यांना पुढे घाम येतोच. तापात सुकलेल्या रुग्णाला पाणी दहा मिनिटांत उडून जातं, विशेषतः कूलरसमोर. ईसीजी जेल बोटभर लावा, पण दोन्ही पॅड जोडले जातील इतकं पसरू देऊ नका, नाहीतर सिग्नलच मरतो. छातीत नळी असेल, भाजलेलं असेल किंवा कुठे जखमेचं ड्रेसिंग असेल तर पट्टा नकोच.

पट्टा वैद्यकीय उपकरण नाही, डिफिब्रिलेटरपासून त्याला संरक्षण नाही. शॉक द्यायची वेळ आली तर आधी तो ओढून काढा. रेझिस्टंट जंतूंच्या वॉर्डात एक पट्टा पाच जणांना फिरवणं म्हणजे जंतूंची बस सेवा. कापडी पट्टा हायपोक्लोराइटमध्ये बुडवला की लवचीकपणा आणि कंडक्टिव्ह थर दोन्ही जातात. प्रत्येक रुग्णाला वेगळा पट्टा, आणि बटण असलेला पॉड (पट्ट्यावर अडकवायची मोजणारी डबी) तेवढा पुसून परत वापरायचा, हाच एक परवडणारा मार्ग. पट्टे सुटे मिळतात.

रेकॉर्डिंग. रुग्ण डोक्याकडून ३० अंश उचललेला. आधीची वीस-तीस मिनिटं सक्शन नाही, कूस बदलणं नाही, स्पंजिंग नाही, साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन नाही, पंपाचा डोस बदललेला नाही. मग दहा मिनिटं रेकॉर्ड करून त्यातली स्वच्छ पाच मिनिटं घ्यायची. सोबत कागदावर: वेळ, तापमान, श्वासाचा दर, एमएपी (सरासरी रक्तदाब), व्हेंटिलेटरचा मोड, शामक औषधं, आणि नॉरएड्रेनॅलिन मायक्रोग्रॅम/किलो/मिनिटमध्ये. ‘पंप ४ वर’ असं लिहू नका. ४ मिलिग्रॅम ५० मिलिलिटरमध्ये केलं तर १ मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम. ५० किलोच्या माणसाला ०.१ चा डोस म्हणजे तासाला ३.७५ मिलिलिटर. अॅम्प्यूलवर बेस लिहिलंय की बायटार्ट्रेट तेही पाहा. २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे १ मिलिग्रॅम बेस. ब्रँड बदलला आणि हे कुणी पाहिलं नाही तर डोस निम्मा किंवा दुप्पट होतो आणि एचआरव्हीचा कल तिथेच मातीत जातो.

फोनवरून आरआरची साधी टेक्स्ट फाइल काढा. ती कुबिओस या एचआरव्ही काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत उघडते आणि पुरते. इथे दोन बारकावे आहेत. पट्टा ईसीजीची लाटही पाठवू शकतो, पण सेकंदाला १३० नमुन्यांनी, म्हणजे दर ७.७ मिलिसेकंदाला एक. सेप्सिसमध्ये आरएमएसएसडी बऱ्याचदा एक आकडीच असते, तेव्हा त्या लाटेवरून स्वतः आरआर काढणं म्हणजे किराणा दुकानाच्या काट्यावर सोनं तोलणं. पट्टा स्वतः काढून देतो तो आरआर घ्या. दुसरं, ब्लूटूथवरून आरआर १/१०२४ सेकंदाच्या एककात येतो. काही फुकट अॅप्स तो मिलिसेकंद समजून तसाच लिहितात. १३० च्या नाडीला आरआर ४६१ ऐवजी ४७२ दिसतो. फरक २.४ टक्क्यांचा, घातक नाही, पण दोन अॅप्सचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नका.

एक्टोपिक (भलत्या जागेहून उठलेले) ठोके आणि सुटलेले ठोके पाच टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर फाइल फेकून द्या. कुबिओसमधली दुरुस्तीची पातळी ‘व्हेरी स्ट्राँग’वर ढकलून फाइल वाचवण्याचा प्रयत्न बरेच जण करतात, त्यात खरे फरकही इस्त्री होऊन निघतात.

आता खऱ्या अडचणी. पहिली श्वासाची. एचएफचा टप्पा ०.४ हर्ट्झला संपतो, म्हणजे मिनिटाला २४ श्वास. सेप्सिसचा रुग्ण २८-३० नी धापा टाकत असतो. त्याचा श्वासाचा शिखर ०.५ हर्ट्झवर, मोजणीच्या कुंपणाबाहेर. एचएफ शून्याकडे, एलएफ/एचएफ आभाळात, आणि अॅप ओरडतं की सिंपथेटिक पेटलंय. पेटलेला असतो तो फक्त श्वास. उलट, व्हेंटिलेटरवर १६ ला बांधलेल्या रुग्णात ०.२७ हर्ट्झवर सुबक शिखर दिसतं, त्यातलं बरंचसं छातीतल्या दाबाच्या चढउताराने झालेलं असतं. इंट्युबेशनच्या आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून ‘सुधारणा’ लिहिली तर ती मशीनची सुधारणा.

दुसरी एट्रियल फिब्रिलेशनची. ठोके बेताल झाले की आरएमएसएसडी एकदम ऐंशी-शंभरावर जाते. अॅपला वाटतं, काय सुंदर व्हेगस! सेप्सिसमध्ये नव्याने सुरू झालेलं एएफ हे बिघडल्याचं लक्षण, आणि पट्टा त्यावर हिरवा रंग देतो. पट्टा बांधण्याआधी मॉनिटरवर पी वेव्ह (प्रत्येक ठोक्याआधीचा छोटा उंचवटा, एएफमध्ये तो नसतो) पाहणं हा नियम ठेवा.

तिसरी अडचण खास आपल्याकडची. कपाशीवर फवारणीचे दिवस आले की ऑर्गनोफॉस्फरसची विषबाधा येते. २०१७ चं यवतमाळ कुणी विसरलेलं नाही. असा रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी तापतो, छातीत घरघर येते, अॅस्पिरेशन न्यूमोनियातून सेप्सिस झाला का हा प्रश्न उभा राहतो, आणि अंगात विषावरचा उतारा म्हणून अॅट्रोपिनचं ड्रिप चालूच असतं. अॅट्रोपिन व्हेगसचा आवाजच बंद करतं. एचआरव्ही शून्याजवळ, नाडी १३०, त्वचा कोरडी, कधी तापही अॅट्रोपिनचाच. तळहातावर दोन इलेक्ट्रोड लावून घामावरून सिंपथेटिक मोजणारी स्किन कंडक्टन्सची छोटी यंत्रं इथे तर पूर्ण आडवी पडतात, कारण घामाच्या ग्रंथींना जाणारी नस सिंपथेटिक असली तरी तिचं रसायन अॅसिटिलकोलीन आहे, आणि तेच अॅट्रोपिन अडवतं. अॅट्रोपिन थोडं मागे पडलं तर उलट विषामुळे घाम सुटतो आणि यंत्र आनंदाने काटा वर नेतं. या रुग्णात पट्टाही नको, घामाचं यंत्रही नको. पांढऱ्या पेशी, एक्स-रे, लॅक्टेट, लघवीचं माप, बोट दाबून पाहणं.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये स्क्रब टायफसचे रुग्ण येतात, त्यांचंही वेगळंच. साधारण एक अंश सेल्सिअस तापाला नाडी दहाने वाढते हा अंदाज. स्क्रब टायफस आणि टायफॉइडमध्ये ती कधी तेवढी वाढत नाही. एचआरव्ही ‘बरी’ दिसते. रुग्ण बरा नसतो. स्क्रब टायफसच्या किड्याच्या चाव्याची काळी खपली काखेत, जांघेत, स्तनाखाली शोधा (म्हणजे पट्टा बांधायच्या जागीच, तो बांधताना तरी नजर टाकली जाते, हा पट्ट्याचा एक फायदा) आणि संशय असेल तर डॉक्सिसायक्लिन थांबवून ठेवू नका.

आकडा लाल दिसला म्हणून एस्मोलॉल (नाडी उतरवणारं बीटा ब्लॉकर) सुरू करण्याची कल्पनाही कुणाच्या डोक्यात येऊ शकते. सिंपथेटिकचा अतिरेक थांबवायचा, असा त्यामागचा तर्क. २०१३ मध्ये इटलीतल्या एका चाचणीने आशा दाखवली होती. २०२३ मध्ये ब्रिटनमधली लँडिओलॉल या त्याच जातीच्या औषधाची स्ट्रेस-एल चाचणी फायदा न दिसल्यामुळे आणि अपाय होण्याची शंका आल्यामुळे मध्येच थांबवली गेली. फोनच्या काट्यावरून बीटा ब्लॉकर देऊ नका.

एका ठिकाणी मात्र ठोक्यांच्या चढउतारावरून सेप्सिस ओळखण्याला भक्कम पुरावा आहे: अतिशय कमी वजनाची बाळं. अमेरिकेत ३००३ बाळांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा आकडा डॉक्टरांना दाखवल्यावर मृत्यू १०.२ वरून ८.१ टक्क्यांवर आले. ते यंत्र वेगळं, गणित वेगळं, पट्टा नव्हे. आणि गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने त्याच्या कितीतरी आधी, १९९९ मध्ये, दाखवून दिलं होतं की गावातली प्रशिक्षित आरोग्यदूत नुसती लक्षणं पाहून नवजात बाळाचा सेप्सिस ओळखते आणि घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन देते. ठोके न मोजताही.

पट्ट्याऐवजी काय? हाताशी असलेल्या तीन गोष्टी. पहिली फुकट: कॅपिलरी रिफिल. उजव्या तर्जनीच्या पेरावर काचेची स्लाइड इतकी दाबा की कातडी पांढरी पडेल, दहा सेकंद धरा, सोडा, रंग परत यायला किती वेळ लागतो ते घड्याळात मोजा. तीन सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे लांबलेलं. शॉकमध्ये दर अर्ध्या तासाला. २०१९ च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत ४२४ रुग्णांत लॅक्टेटच्या मागे धावण्याऐवजी हे पाहून उपचार केले, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ४३.४ ऐवजी ३४.९ टक्के होते. संख्याशास्त्राच्या काटेकोर निकषाला फरक थोडक्यात उतरला नाही, पण वाईट तर नक्कीच नव्हता. २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शिकेनेही इतर उपायांच्या जोडीला ते पाहा म्हटलंय. आपल्याकडच्या अडचणी: पेरांवर मेंदी, कापूस वेचून घट्टे पडलेली बोटं, आणि डिसेंबरची थंडी. गार पडलेला हात आधी कांबळ्यात गरम करा. मेंदी असेल तर दुसरं बोट, नाहीतर गुडघा. आणि एका रुग्णाला एकाच सिस्टरने पाहिलेलं बरं.

दुसरी, परफ्युजन इंडेक्स दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर. नागपूरच्या दवाबाजारात असा बोटावरचा ऑक्सिमीटर मागताना ‘पीआय दाखवणारा’ असं स्पष्ट सांगा, साध्यात तो आकडा नसतो. बोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या की पीआय पडतो, म्हणजे सिंपथेटिकची नेमकी जी तोटी पट्ट्याला दिसत नाही ती इथे थोडी तरी दिसते. १.४ च्या खाली गेला तर बोटाचं रक्त तुटलंय असं समजा; पण निरोगी माणसांतही हा आकडा फार वरखाली असतो, तेव्हा एकाच बोटावर, एकाच हातावर, कल पाहा. बीपीचा कफ त्या हातावर नको. नॉरएड्रेनॅलिन वाढवल्यावरही तो पडतो, म्हणून पंपाचा आकडा शेजारी हवाच. या ऑक्सिमीटरवरून एचआरव्ही काढणारी अॅप्स मात्र टाळा. थंड, आवळलेल्या बोटात नाडीची लाट इतकी चपटी असते की ठोका कुठे सुरू झाला हेच सापडत नाही.

तिसरी, साधा भागाकार: नाडी भागिले डायस्टॉलिक. नाडी १२४ आणि बीपी ९४/४२ असेल तर २.९५. सिस्टॉलिक अजून ‘बरं’ असताना डायस्टॉलिक खाली बसणं म्हणजे रक्तवाहिन्या सैल पडल्याची खूण. हा भागाकार चढत असेल तर तिसरी सलाइनची बाटली लावण्याआधी नॉरएड्रेनॅलिनचा विचार करा. ३० मिलिलिटर/किलोचा हिशेब ५० किलोला दीड लिटर होतो. सिकलसेलच्या आणि हडकुळ्या रुग्णांत फुप्फुसं ऐकत ऐकत द्या.

नातेवाईक विचारणारच, “साहेब, हा पट्टा कायले बांधला?” ठोके मोजायला बांधला, एवढं उत्तर पुरे. फोनचा लाल काटा त्यांच्यासमोर धरू नका. पुढचे दोन दिवस दर तासाला त्याचाच भाव विचारला जातो.

घ्यायचाच असेल तर पॉड एक आणि लहान-मोठे मिळून चार पट्टे घ्या. सेल सीआर २०२५, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ४०० तास. हा सेल गावातल्या घड्याळवाल्याकडे मिळतो, पण तो सवयीने जाड २०३२ हातात ठेवतो. तो बसत नाही, आणि दाबून बसवायला गेलं तर झाकणाची रबरी रिंग फाटते, मग जेल आत जातं. वापर झाला की पॉड पट्ट्यावरून काढून ठेवा. ओल्या पट्ट्यावर लावलेला राहिला तर तो स्वतःला चालूच समजतो आणि सेल दोन-अडीच आठवड्यांत संपतो.